जुन्या पेट्रोल गाडीला सिंथेटिक ऑइल घालू की मिनरलच ठेवू?

पुणेरी_हॅचबॅक:
मंडळी, बाबांची २०१३ची पेट्रोल हॅचबॅक आता माझ्याकडे आलीय, ८२ हजार किमी झालंय, टर्बो वगैरे काही नाही. मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड (घट्टपणा) ५डब्ल्यू-३० लिहिलंय. नेहमीचे गॅरेजवाले काका म्हणतात गाडी जुनी झाली, आता २०डब्ल्यू-५० मिनरल घाल, घट्ट ऑइल इंजिनाला बरं. ऑफिसातला एक जण म्हणतो फुल सिंथेटिकशिवाय दुसरं घालूच नकोस. दोन्हीत हजार-बाराशेचा फरक सांगितलाय. माझं रनिंग अगदी कमी, ऑफिस ४ किमीवर, महिन्याला साडेतीनशे किमीसुद्धा होत नाही. पुण्यात कुठे बर्फ पडतो की थंडीतल्या ग्रेडचा विचार करायचा? शिवाय एकदा सिंथेटिक घातलं की परत मिनरल चालत नाही असंही ऐकलंय. बाबांनी ही गाडी फार जपली, माझ्या हातून खराब व्हायला नको म्हणून विचारतोय.

पाना_पक्कड_कोल्हापूर:
दादा, आधी ग्रेड बघ, सिंथेटिक की मिनरल हे नंतर. माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, वीस वर्षं हेच करतोय. काकांचं म्हणणं जुन्या इंजिनांना लागू होतं, तेव्हा २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हेच घालायचे आणि चालायचं. नवीन इंजिनात बेअरिंगच्या फटी बारीक असतात आणि ऑइलचे मार्गही बारीक, तिथे घट्ट ऑइल सकाळी वर पोचायलाच वेळ घेतं.

बर्फाचं म्हणशील तर ५डब्ल्यू मधला डब्ल्यू विंटरचाच, त्याआधीचा आकडा लहान तितकं ऑइल थंड असताना पातळ, पण इंजिन गरम असताना ऑइल १०० डिग्रीच्या आसपास असतं आणि पुण्यात सकाळी गाडी २० डिग्रीला उभी असते, तेवढ्या फरकातच तेच ऑइल दहापटीहून जास्त घट्ट झालेलं असतं. म्हणजे आपल्याकडेही रोज कोल्ड स्टार्टच होतो आणि इंजिनाची झीज जास्त तेव्हाच होते. इंजिन धूर मारत असेल किंवा ऑइल पीत असेल तर घट्ट ऑइलचा विचार करता येतो, पण तो आजार झाल्यावरचा उपाय, धडधाकट गाडीला कशाला. दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल किती कमी होतं ते पट्टीवर बघून सांग.

बेसऑइल_बदलापूर:
मी ल्युब्रिकंटच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मिनरल म्हणजे क्रूडपासून शुद्ध केलेलं बेस ऑइल, एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेच्या वर्गवारीत ग्रुप १ आणि २. बाजारात फुल सिंथेटिक म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं ग्रुप ३ असतं, तेही क्रूडपासूनच, फक्त हायड्रोजनची जास्त कडक प्रक्रिया केलेलं. ग्रुप ४ म्हणजे पीएओ, ते खरोखर रसायनांपासून जोडून बनवतात. ग्रुप ३ ला सिंथेटिक म्हणावं की नाही यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला होता, १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेने म्हणायला हरकत नाही असं ठरवलं. म्हणून डब्यावरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, मागचं बारीक वाचा. एपीआयचा दर्जा, म्हणजे एसएन किंवा त्यानंतरचं एसपी (हे २०२० मध्ये आलं), आणि मॅन्युअलमधला ग्रेड, हे दोन जुळले की पुरे.

सिंथेटिकचा फायदा खरा आहे, उष्णतेत लवकर सडत नाही, थंड असताना पटकन वाहतं. ०डब्ल्यू-२० तर साध्या मिनरलमध्ये बनतच नाही. टर्बो गाडी असती तर मी डोळे मिटून सिंथेटिक सांगितलं असतं, टर्बोच्या उष्णतेत साधं ऑइल जळून कडक थर धरतं. आणि परत मिनरल चालत नाही हे चूक, दोन्ही एकमेकांत मिसळतात, सेमी सिंथेटिक म्हणजे तरी काय असतं?

घाटवाट_सातारा:
माझी गाडी डिझेल आहे तरी लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. बीएस६ गाडी सेकंडहँड घेतली आणि एका गॅरेजमध्ये ट्रकला घालतात ते ऑइल घातलं गेलं, मीही डबा बघितला नाही. बीएस६ डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ फिल्टर असतो, धुरातली काजळी अडवून जाळणारा, त्याला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, राख एकदा साचली की जळून जात नाही. नंतर डीपीएफचा दिवा वारंवार लागायला लागला, माझं गावातल्या गावात फिरणंही त्याला कारण होतं. तेव्हापासून डबा माझ्यासमोर उघडायला लावतो. डिझेलवाल्यांनो, पट्टीवर ऑइल *वाढलेलं* दिसलं तर गाडी लगेच दाखवा, डीपीएफ साफ होताना मधेच बंद पडलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

पुणेरी_हॅचबॅक:
खूप आभार सगळ्यांचे. पट्टी बघितली, सहा महिन्यांत जेमतेम चार-पाच मिलीमीटर खाली आलंय, धूर नाही. पण ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून पिवळट दुधासारखी साय दिसली, हे काय? फ्लश करून घेऊ का?

पाना_पक्कड_कोल्हापूर:
४ किमीत इंजिन गरमच होत नाही, आतली वाफ आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं, त्याची ती साय. कूलंट कमी होतंय का तेवढं मात्र नक्की बघ, होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) तपासायला लागेल. होत नसेल तर घाबरू नकोस, रविवारी बाबांना घेऊन खंबाटकी घाटापर्यंत जाऊन ये, तासभर एका लयीत चालली की बरीचशी निघून जाईल.

फ्लश नको, इतक्या वर्षांचा गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर उगाच दुखणं. ५डब्ल्यू-३० घाल, सेमी असलं तरी चालेल, तुझं रनिंग दहा हजाराला पोचणारच नाही त्यामुळे महाग ऑइल जास्त दिवस चालवायचा फायदा तुला मिळत नाही. किमी न बघता वर्षाच्या आत बदल, फिल्टर प्रत्येक वेळी नवा, ड्रेन बोल्टचा वॉशरही. आणि रिकामा डबा घरी आणून कापून टाक, नाहीतर त्यातच भेसळीचं भरून परत विकतात.