भाड्याचं डीप लर्निंग: वेट्स कोणाचे?

डीप लर्निंग, म्हणजे नमुन्यांवरून मॉडेलला शिकवायची सोय, भाड्याने देणाऱ्या स्टार्टअपबद्दल विचारलं जातं: ‘हे स्टार्टअपवाले दुसऱ्याचीच जीपीयू (या शिकवणीला लागणारी जलद गणिती कार्डं) भाड्याने घेऊन वर नफा लावतात, मग सर्व्हर भाड्याने देणाऱ्या थेट अ‍ॅमेझॉनकडूनच का घेऊ नये?’ हा प्रश्न रास्त, पण अर्धाच आहे. नुसतं जीपीयू मिळून काम सुरू होत नाही. ड्रायव्हर, कुडा आणि पायटॉर्च या, कार्डावर मॉडेल चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवण्यातच छोट्या टीमचे दिवस जातात. नफा त्या खटपटीचा, आणि तो द्यायला माझी हरकत नाही.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्यांच्या हाती लिहिलेल्या पावत्या वाचायचं काम चालतं. तयार मॉडेल इंग्रजी आकडे सफाईने वाचतं, पण घाईत लिहिलेला १ आणि ९ यांत हमखास गफलत करतं. आपल्या नमुन्यांवर ते पुन्हा शिकवायला काही तास पुरतात. तेवढ्यासाठी महागडं कार्ड विकत घेऊन उरलेला महिना धूळ खात ठेवायचं कशाला?

खरी गोम वेगळीच. शिकवलेल्या मॉडेलचे वेट्स (शिकवणीतून त्यात साठलेले आकडे) डाउनलोड करता येतात का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. येत नसतील, तर सेवा बंद पडली की नमुन्यांना बरोबर उत्तराची लेबलं लावायची सगळी मेहनत पाण्यात. डेटा कुठे राहतो तेही विचारा. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन (इथलं सर्व्हर केंद्र) २०१६ पासून आहे, त्यामुळे ‘सर्व्हर देशाबाहेरच ठेवावा लागतो’ ही सबब मी तरी ऐकून घेत नाही.