हाउलच्या किल्ल्यात पुन्हा एकदा : तुमचे अनुभव लिहा

डायना विन जोन्स यांची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' ही कादंबरी १९८६ साली आली. मी ती नववीत असताना पुण्याच्या ब्रिटिश कौन्सिल लायब्ररीतून आणली आणि शाळा संपेपर्यंत हाउल या देखण्या, लहरी जादूगाराच्या प्रेमात होते. परवा पुन्हा हातात घेतली, तर या खेपेला पहिल्याच पानावर अडकले. कादंबरीतल्या इंगरी देशात तीन भावंडांत थोरलं असणं म्हणजे दुर्दैव. नशीब काढायला बाहेर पडलात की सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट तोंडघशी पडणार ते थोरलंच, अशी तिथली समजूत. नायिका सोफी थोरली. म्हणून ती टोप्यांच्या दुकानात निमूट सुया टोचत बसते आणि धाकट्या दोघींची सोय लागली यातच समाधान मानते. मीही घरात थोरली आहे. लेखिकाही तीन बहिणींत थोरली होती, हे कळल्यापासून तर ते पान मला फारच जवळचं झालंय.

ज्यांनी ही शाळा-कॉलेजात वाचली आणि मोठेपणी परत उघडली, त्यांनी जरूर लिहा. आता कोण आवडतं? कुठे थांबलात? शेवट सांगितला तरी चालेल.

*

मी टोप्यांबद्दलच लिहिते. दुकानात एकटी बसून सोफी टोप्यांशी बोलते. एकीला सांगते, तुझ्यात गूढ आकर्षण आहे. दुसरीला सांगते, तुला पैसेवाला नवरा करावा लागणार. आणि त्या घालणाऱ्या बायकांचं अगदी तसंच होतं! पंधराव्या वर्षी मला ती कंटाळलेल्या मुलीची बडबड वाटली होती. परत वाचताना दिसतं, बाईंनी सगळे पत्ते तिथेच उघडे मांडलेत. सोफी बोलून वस्तूंत जीव घालते. चेटकीण दुकानात येऊन तिला म्हातारी करून टाकते, ती उगाच नाही. पुढे हाउलचा राखाडी-लाल सूट दुरुस्त करताना सोफी त्याच्याशीही बोलते, की पोरींना ओढायलाच शिवलंय तुला. मग तिलाच त्याची ओढ वाटायला लागते, ती समजते की ही हाउलची करणी, आणि कात्री घेऊन त्याच सुटाचे तुकडे करते. केवढी प्रेमकथा आहे त्या एका सुटात!

*

पुस्तक माझ्या लेकीचं. ती बारावीत असताना उशाशी घेऊन झोपायची, म्हणून मी तेव्हा वाचलं होतं. आता माझी साठी उलटली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडून होते, तेव्हा तिच्या कपाटातून काढून पुन्हा वाचलं. म्हातारी झालेली सोफी आरशासमोर रडत नाही. स्वतःलाच समजावते की तब्येत ठणठणीत दिसतेय, आणि हे रूप तुला जास्त शोभतंय. मग पाव नि चीज बांधून घराबाहेर पडते. सांधे करकरतात, चढावर धाप लागते, पण तोंड सुटतं. सणाच्या दिवशी रस्त्यात एका देखण्या तरुणाने हटकलं तर अंग चोरून भिंतीला चिकटणारी ही मुलगी, हाउलच्या चालत्या किल्ल्यात शिरल्यावर चुलीतल्या कॅल्सिफरला, म्हणजे साक्षात अग्निराक्षसाला, दम भरते. तो हाउलशिवाय कुणाचं ऐकत नाही. ही त्याला मान खाली घालायला लावते आणि डोक्यावर तवा ठेवून बेकन तळते.

मला यात काहीच अतिशयोक्ती वाटली नाही. सासरी कित्येक वर्षं 'चहात साखर कमी घाला' एवढंही मी कधी म्हटलं नव्हतं. आता म्हणते.

*

काकू, तुमचं वाचून मी तव्याचा प्रसंग पुन्हा काढून वाचला. लवकर बऱ्या व्हा.

*

मी मूळचा अकोल्याचा, सध्या वेल्समध्ये, कार्डिफला असतो. किल्ल्याच्या दाराची मूठ काळ्या रंगावर फिरवली की वेल्स उघडतं, ते प्रकरण मी लहानपणी भराभर उलटायचो. जादू सोडून मध्येच मोटार आणि कॉम्प्युटर गेम कशाला, असं वाटायचं. आता सगळ्यात आधी तेच वाचतो. इंगरीला ज्याचा धाक, तो हाउल इथे हॉवेल जेंकिन्स असतो : मंत्रतंत्रावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिलेला आणि घरच्यांच्या लेखी बेकार. बहीण मेगन तो आल्या आल्या सुरू होते, एवढं शिकून काय दिवे लावलेस म्हणून. आमची ताई विमानतळावरून गाडीत बसल्यापासून हेच विचारते. आणि हाउल ते सगळं ऐकून घेतो, भाच्यासाठी खेळ आणतो, भाचीला जवळ घेतो. घर सोडून गेलेल्या माणसाचं इतकं खरं चित्र मुलांच्या पुस्तकात मी दुसरं वाचलेलं नाही. जोन्सबाईंचे वडील वेल्सचे. महायुद्ध सुरू झालं तेव्हा लहानग्या डायनाला लंडनहून तिथे आजोबांकडे धाडलं होतं. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा या कादंबरीवरचा २००४ चा चित्रपट मला अतिशय आवडतो, पण त्यात वेल्स नाही, याची चुटपुट लागते.

*

माझं मत वेगळं आहे. हाउल मला आता सहन होत नाही. केसांचा रंग बिघडला तर घरभर हिरवा चिकट लगदा, सर्दी झाली तर मरणपंथाला लागल्याचा आव, आणि प्रेम जुळलं की त्या मुलीतला रस संपला. सोळाव्या वर्षी मला हेच रोमँटिक वाटायचं, आता माझी मुलगी त्या वयाची आहे. घर सांभाळतो तो पंधरा वर्षांचा मायकेल. हाउलच्या हाती लागू नयेत म्हणून पैसे लपवून ठेवतो बिचारा. त्याच्यावर कुणीतरी लिहा.

*

ताई, तुमचा राग पटतो, तरी एक जागा सांगते. सोफीवर जादू झालीय हे हाउलने ओळखलेलं असतं. तिच्या नकळत ती उतरवायचा तो बरेचदा प्रयत्न करतो. जमत नाही, तेव्हा हिलाच या वेषात राहायचंय असं समजून गप्प बसतो. तो हे सांगतोही भांडणाच्या ओघात, आणि सोफी आणखी चिडते. लहानपणी मी तिथून तशीच पुढे गेले होते. आता त्या एका जागेसाठी मी त्याला सर्दीसकट पत्करते.

याच मालिकेतलं पुढचं 'कॅसल इन द एअर' (१९९०) कुणी परत वाचलंय का? त्यात सोफी आणि हाउल दोघंही बराच काळ भलत्याच रूपांत वावरतात. तुम्हाला ती कुठल्या प्रसंगात ओळखू आली, तेही लिहा.