टाइलवर टाइल लावून बाथरूम नवं होत नाही

साइटवाला
परवा इथे एक लेख आला: ‘जुन्या टाइलवरच नव्या टाइल, चार दिवसांत नवं बाथरूम, ना धूळ, ना राबिट, ना सोसायटीची कटकट.’ खाली ‘छान माहिती’, ‘सेव्ह करून ठेवलं’ असे प्रतिसाद धडाधड पडले. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतलं बाथरूम टाइलमुळे म्हातारं होत नाही. टाइलखालचा विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि मसाल्याचा थर) पाणी पिऊन बसलेला असतो. वॉटरप्रूफिंग केव्हाच संपलेलं असतं आणि भिंतीतले जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप आतून गंजून अर्धे बुजलेले असतात. या सगळ्यावर चकचकीत टाइल चिकटवली की रोग तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

आणि जमीन वर येते त्याचं काय? चिकट मसाला आणि टाइल मिळून दीडेक सेंटिमीटर. दरवाजा खाली घासतो, उंबरठ्याची उंची कमी होते, नहाणी ट्रॅपची (जमिनीतलं पाणी जाण्याच्या तोंडाची) जाळी खड्ड्यात जाते. जुना ढाळ चुकीचा असेल तर नव्या टाइललाही तोच ढाळ मिळतो. पाणी कोपऱ्यात साचतं ते साचतंच.

काम करायचंच असेल तर क्रम असा. जमीन तोडा, पण मोठा ब्रेकर लावून स्लॅब हादरवू नका, छन्नी-हातोडा किंवा छोटं मशिन वापरा. सन्कमधला (बाथरूमखाली खोलगट ठेवलेल्या स्लॅबमधला) भराव पूर्ण काढा. स्लॅब उघडा पडला की तडे बघा, सळी दिसत असेल तर आधी ती दुरुस्ती. मग ड्रेनेजचे पाइप आणि नवे ट्रॅप. मग वॉटरप्रूफिंग, जमिनीवर आणि भिंतीवर निदान फूटभर, शॉवरच्या कोपऱ्यात डोक्याच्या वरपर्यंत. मग ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवा, किमान ४८ तास, आणि खालच्या घरी जाऊन छत बघा. भरावानंतर पुन्हा एकदा वॉटरप्रूफिंग आणि पुन्हा पाणी. गवंडी म्हणेल, ‘साहेब, एक दिवस पुरे झाला’. ऐकू नका.

भिंतीतल्या पाण्याच्या पाइपांना टाइलच्या आधी हातपंपाने दहा किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब देऊन तासभर काटा बघायचा. काटा उतरला तर जॉइंट गळतोय. आणि भिंत बुजवण्याआधी टेप धरून पाइपांचे फोटो काढा. पुढे टॉवेलचा दांडा ठोकताना ड्रिल नेमकं पाइपात घुसतं.

बजेट कमी आहे? टाइल स्वस्तातली घ्या, नळ साधे घ्या. न दिसणाऱ्या कामात हात आखडू नका.

बंड्या_पुणे
तो लेख मी लिहिला नाही, पण टाइलवर टाइल मी केली आहे आणि व्यवस्थित आहे. तुम्ही साइटवाले लोक प्रत्येक कामाला ‘तोडा’ म्हणता, कारण तोडण्यात तुमचं बिल वाढतं. आमच्याकडे आई-वडील दोघेही सत्तरीच्या पुढचे, बाथरूम एकच. महिनाभर ते तोडून ठेवलं असतं तर ते गेले असते कुठे? शेजारी? सोसायटीने कामाची वेळ दिलेली दुपारी दोनपर्यंत, शनिवार-रविवार बंद. हे हिशेब तुमच्या क्रमात कुठे बसतात?

आधी प्रत्येक टाइलवर ठोकून बघितलं होतं. पोकळ आवाज आला त्या काढल्या, बाकी घट्ट होत्या. आधी गळती नव्हतीच. मग कशासाठी तोडायचं?

साइटवाला
बिलाचा मुद्दा काढलात म्हणून सांगतो, मी ठेकेदार नाही. पगारावर काम करतो, टाइल तोडल्या काय किंवा चिकटवल्या काय, मला एक रुपया जास्त मिळत नाही.

गळती नव्हती, टाइल घट्ट होत्या, पाइप बदललेले होते असं असेल तर भिंतीवर टाइलवर टाइल चालते, हे मान्य. फक्त भिंतीवर. जमिनीवर नाही.

बंड्या_पुणे
हे ‘भिंतीवर चालते’ तुमच्या पहिल्या प्रतिसादात कुठे होतं? शीर्षक काय दिलंय बघा.

अनघा_डोंबिवली
तुमचं टाइलचं चालू द्या. मी खालच्या मजल्यावर राहते. माझ्या बाथरूमच्या छताचे पापुद्रे पडतात, ट्यूबलाइटच्या पट्टीतून पाणी ठिबकतं. वरचे म्हणतात, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे’. अहो, तुमच्याकडे कोरडंच असणार, पाणी माझ्याकडे येतंय! सोसायटीला पत्रं दिली तर उत्तर एकच, ‘दोन सभासदांनी आपापसात मिटवा’. मिटवायचं कसं? ते दारच उघडत नाहीत.

असे लेख वाचून वरच्यांनी उद्या टाइलवर टाइल लावली तर माझं छत कायमचं गेलं. सायटवाले भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

तिसरामजला
अनघाताई, दुसरी बाजूही ऐका. मी ‘वरचा’ आहे. खालच्यांनी असंच रान उठवलं, कमिटीने माझ्यावर दबाव आणला. मी अख्खं बाथरूम तोडलं, वॉटरप्रूफिंग केलं, पाणी भरून दाखवलं. लाखाच्या वर गेले. गळती तशीच. शेवटी निघालं काय, तर डक्टमधल्या (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेतल्या) सोसायटीच्या उभ्या पाइपचा जॉइंट फुटलेला. पैसे कोणी परत दिले नाहीत, साधं ‘चुकलं’ही कोणी म्हटलं नाही. खालच्या घरात पाणी आलं की वरचा गुन्हेगार, हे तुम्ही सगळे धरूनच चालता.

अनघा_डोंबिवली
तुमच्यावर अन्याय झाला, वाईट वाटलं. पण तुम्ही निदान दार उघडलंत. माझ्या वरचे प्लंबरला आत घेत नाहीत. त्यांच्या बाजूने बोलताय का तुम्ही?

तिसरामजला
कोणाच्या बाजूने नाही. तोडायच्या आधी तपासा, एवढंच म्हणतोय. माझं तोडलं तेव्हा कोणी तपासलं होतं?

साइटवाला
तपासायला महागडं यंत्र लागत नाही.

पाणी रात्रंदिवस एकाच वेगाने ठिबकत असेल तर संशय दाबाच्या पाइपवर, म्हणजे नळाकडे जाणाऱ्या लाइनवर. वरच्या घराचा मेन कॉक रात्रभर बंद ठेवा. ठिबकणं कमी झालं की उत्तर मिळालं. कोब्यात मुरलेलं पाणी असेल तर थांबायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

सकाळच्या अंघोळींनंतर वाढत असेल तर जमीन, नहाणी ट्रॅप किंवा ड्रेनेजचा जॉइंट. ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओता आणि खाली रंग उतरतो का बघा. मग ट्रॅप बंद करून फक्त जमिनीवर वेगळ्या रंगाचं पाणी साठवा. कुठला रंग उतरला त्यावरून कळतं. कमोडमध्येही तसंच.

फक्त पावसाळ्यात गळत असेल तर बाहेरची भिंत बघा, बाथरूमला हात लावू नका. आणि डक्टच्या बाजूच्या भिंतीला ओल जास्त असेल तर कोणाचंही घर तोडण्याआधी डक्टमध्ये माणूस उतरवा. तिसरामजला यांच्या बाबतीत हे झालं असतं तर त्यांचे पैसे वाचले असते.

लेखनिक
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो, म्हणून ‘आपापसात मिटवा’ यावर लिहितो. ते उत्तर चुकीचं आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइन-ड्रेनेजलाइनची गळती यांचा खर्च सोसायटीचा. घरातल्या नळ, संडास, मोरीची गळती सभासदाच्या खर्चाची. पण गळती नेमकी कुठली, हे शोधायला कमिटीने पुढे व्हायला हवं. आगाऊ सूचना देऊन फ्लॅटची पाहणी करता येते आणि सभासदाने ती करू द्यायची असते. दुरुस्ती करायला नोटीस देता येते. ऐकलं नाही तर सोसायटी काम करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. तुमच्या सोसायटीने कुठले उपविधी स्वीकारलेत ते मात्र बघून घ्या.

अनघाताई, तोंडी बोलू नका. लेखी अर्ज, फोटो, तारखा, पोच. उत्तर आलं नाही तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक, आणि शेजाऱ्याशीच वाद असेल तर सहकार न्यायालय.

अनघा_डोंबिवली
न्यायालय! छत पडेल तोवर.

तिसरामजला
लेखनिक, कागदावर सगळं छान आहे. आमच्या कमिटीने पाहणी केली म्हणजे चेअरमनच्या ओळखीचा प्लंबर आला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला ‘वरून येतंय’. ही तुमची पाहणी?

लेखनिक
ती पाहणी नव्हे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा किंवा आर्किटेक्टचा लेखी अहवाल मागायला हवा होता. तुम्ही मागितलात का?

तिसरामजला
म्हणजे परत माझंच चुकलं! बरं. अहवालाचा मुद्दा बरोबर आहे, मानतो. पण ज्यांनी माझं घर तोडायला लावलं त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

बंड्या_पुणे
सगळ्यांनी वरच्या मजल्यावर आणि कमिटीवर खापर फोडलं. रोजच्या अॅसिडचा विषय कोणी काढला नाही. बोअरवेलचं, टँकरचं पाणी, दोन महिन्यांत टाइलवर पांढरे थर. मग बायका-पुरुष सगळे अॅसिड ओतून घासतात. टाइलला फारसं काही होत नाही, पण सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट ते खातं. सांधे मोकळे झाले की पाणी सरळ खाली. कितीही वॉटरप्रूफिंग करा, वर सांधे उघडे असतील तर कोबा रोज ओलाच. एपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं) ग्राउट भरा आणि अॅसिडची बाटली घरात आणू नका. आणि क्षारांच्या पाण्याला काळ्या टाइल घेऊ नका, रोज पुसत बसाल.

साइटवाला
हा मुद्दा माझ्या लिहिण्यात यायला हवा होता. एपॉक्सीबद्दल पूर्ण सहमत.

मावशी_नाशिक
तुम्ही सगळे पाण्याचंच बोलताय. माणसं मरतात ते कोणी बोलेना.

गॅस गीझर बाथरूमच्या आत लावू नका. कोणी प्लंबर म्हणाला ‘खिडकी आहे ना’, तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. आमच्या नात्यातली मुलगी अंघोळीला गेली, दार आतून लावलेलं, तोडून बाहेर काढली. ती वाचली, पण तो दिवस घरातलं कोणी विसरलेलं नाही. लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. थंडीत खिडकी सगळे बंदच करतात. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं असंही समजू नका, बंद जागेत तो धूर आत ओढूही शकतो.

विजेचा गीझर असेल तर १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, नीट अर्थिंग आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). टाइलच्या डिझाइनवर तासन् तास घालवतात आणि अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलवत नाहीत.

आणि दार. नवं दार लावताना बाहेर उघडणारं लावा. म्हातारं माणूस आत पडलं तर आत उघडणाऱ्या दाराला त्याच्याच अंगाची अडवणूक होते, मदतीला जाता येत नाही.

कुडाळकर
मावशींच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. हल्ली सगळे सरसकट कमोड बसवतात. आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत ओरिसा पॅन (खाली बसायचा भारतीय संडास) वापरला, गुडघे ठणठणीत होते. बसण्याची सवय मोडली की गुडघे जातात, असं माझं मत. दोन संडास असतील तर एक भारतीय ठेवा.

मावशी_नाशिक
कुडाळकर, तुमच्या वडिलांचे गुडघे चांगले होते म्हणून ते बसू शकले. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत, डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे. त्यांनी काय करायचं?

कुडाळकर
मी ‘दोन असतील तर’ म्हटलंय. वाचा तरी नीट.

मावशी_नाशिक
वाचलंय. ‘सवय मोडली की गुडघे जातात’ हेही वाचलंय. ते ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्या तोंडावर म्हणू नका. बाकी, दोन असतील तर एक भारतीय, याला माझी हरकत नाही.

साइटवाला
कमोड असो वा पॅन, आधाराचा दांडा ज्या भिंतीवर लावायचा ती आधी ठोकून बघा. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लास्टिक गट्टू धरत नाही, माणसाचं वजन आलं की दांडा हातात येतो. टाइलच्या आधीच त्या जागी भरीव काँक्रीट करून घ्या. नंतर छिद्र पाडाल तर वॉटरप्रूफिंगलाही भोक पडतं.

बंड्या_पुणे
आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं काय? एकच बाथरूम, घरात म्हातारी माणसं. पाणी दोनदा ४८ तास भरायचं म्हणता, ते दिवस कुठे काढायचे?

साइटवाला
त्याला सोपं उत्तर नाही. संडास वेगळा असेल तर आधी बाथरूम, मग संडास, असं दोन टप्प्यांत करा. एकत्र असेल तर काम सुरू करण्याआधी सगळं सामान घरात आणून ठेवा, टाइल, ट्रॅप, पाइप, नळाचा मिक्सर, सगळं. कामं लांबतात ती बहुतेक सामानाची वाट बघण्यात. आणि तेवढे दिवस नातेवाइकांकडे किंवा भाड्याने सोय करावी लागते. पाणी भरून ठेवायचे दिवस मात्र मी कमी करणार नाही.

बंड्या_पुणे
भाड्याचा खर्च धरला की तुमचं बजेट माझ्या दुप्पट. माझं मत बदललेलं नाही. पण पुढच्या वेळी जमीन तोडेन, भिंती नाही.

अनघा_डोंबिवली
वरच्यांच्या नावाने आज सोसायटीत लेखी अर्ज दिला, सेक्रेटरींकडून पोच घेतली. मेन कॉक रात्रभर बंद ठेवायची विनंतीही त्यात लिहिली आहे. तिसरामजला, डक्टची तपासणी आधी करा असंही लिहिलंय, म्हणजे तुमच्यासारखं कोणाचं होऊ नये.

तिसरामजला
हे बरं केलंत.

नवीनघर
मध्येच विचारतो, कमोड ऑनलाइन मागवतोय. ट्रॅपचं अंतर ९ इंच की १२ इंच असं विचारतायत. कसं मोजायचं?

साइटवाला
जमिनीतून आउटलेट असेल तर आउटलेटच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत मोजा. भिंत म्हणजे टाइल लावून झालेली भिंत, आत्ताचा गिलावा नाही. आउटलेट भिंतीतून असेल तर प्रकार वेगळा, मग जमिनीपासूनची उंची कळवावी लागते, तीही तयार जमिनीपासून. मोजल्याशिवाय मागवू नका. आलेलं कमोड बसलं नाही की प्लंबर वाकडा जोड टाकून बसवून देतो, आणि तो जोड पुढे खालच्या घरात गळतो.