खाणीच्या ढिगाऱ्यावर जंगल लावलं की जमीन पाणी धरते का?

उमरेडकर:
उमरेड, सावनेर, कन्हानकडे कोळसा खाणींच्या ओबीचे, म्हणजे कोळशावरची माती-दगड खणून टाकलेल्या ढिगाऱ्यांचे, डोंगर उभे आहेत. खाण बंद झाली की तिथे जंगल लावायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. नागपूरचा वर्षाचा १००० ते ११०० मिमी पाऊस बहुतेक चार महिन्यांतच पडतो. उघड्या ढिगाऱ्यावर थेंबांच्या माराने पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायच्या आत गाळ घेऊन नाल्यात जातं. झाडांखाली हे खूप कमी होतं.

विहीरवाला:
भाऊ, झाडं पाणी पितात त्याचं काय? पायथ्याला आमची शेती आहे. वर दाट निलगिरी उभी केली तर मुरलेलं पाणी मुळंच ओढणार, विहिरीत काय उतरणार? माती सुधारते, मान्य. गावचं पाणी वाढतं, हे मान्य नाही.

मातीची अभ्यासक:
दादा, निलगिरीबद्दल तुमच्याशी सहमत. पण मातीचा फायदा छोटा समजू नका. जुन्या रोपवनात पाचोळा सारून बघा. वर बोटभर काळसर, भुसभुशीत थर लागतो, त्यात बुरशीचे पांढरे धागे असतात, मुठीत दाबून सोडला की दाणे मोकळे होतात. त्याखाली कुदळ मारा, शेल या ठिसूळ खडकाचा राखाडी चुराच निघेल. पाचोळा कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो, बारीक मुळं आणि बुरशी कणांना बांधतात. दाण्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी आत शिरतं, दाण्यांतल्या बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात. नुसती चिकण ओबीही पाणी धरते, पण इतकं घट्ट की रोपाला ते मिळतच नाही.

कन्हानची ताई:
हे सगळं माती तयार केली तरच. डंपरच्या चाकांखाली दाबलेल्या ओबीत हातभर खड्डा खणून रोप लावलं तर मुळं खड्ड्यातच गोल फिरतात. गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्यात रस गाळून उरणारा गाळ (प्रेसमड), जिवाणू खतं आणि मुळांवरची उपयोगी बुरशी आधी दिली, मग झाडं लावली. म्हणून नुसत्या वृक्षारोपणाला माझा विरोध आहे.

उमरेडकर:
ताई, विरोध नको. तेवढी तयारी होईपर्यंत थांबलो तर दर पावसाळ्यात ढिगारा वाहतच राहणार. निदान उतारावर समतल चर काढून गवत, बांबू, करंज, शिसव लावायला सुरुवात तर करू. करंज-शिसवाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात.

विहीरवाला:
करंज-शिसवाला माझी हरकत नाही, निलगिरीला आहे. आणि किती झाडं जगली एवढंच मोजू नका. ढिगाऱ्यावर लोखंडी रिंग ठोका, पाणी ओता, किती मिनिटांत मुरतं ते लिहा. पायथ्याच्या विहिरींची पातळीही दर उन्हाळ्यात मोजा. दोन्ही आकडे ग्रामसभेत वाचून दाखवले तर मी स्वतः रोपं लावायला येईन.