कस्टम कलेक्शनचं 'ॲड': डुप्लिकेट की आली तर बोंब मारायची की गप गिळायचं?

खटपट्या: काल इथेच बंड्याने लिहिलं की स्वतःचा कलेक्शन (नोंदींचा साठा) क्लास लिहिताय तर ॲडने, म्हणजे नोंद घालणाऱ्या मेथडने, एक्सेप्शन (चूक झाल्याची बोंब) फेकूच नये; 'की' (नोंद ओळखायची खूण) आधीच असेल तर गुपचूप नवी व्हॅल्यू (त्या खुणेची माहिती) ठेवावी, वापरणाऱ्याला ताप कशाला. वर अंगठ्यांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. सी शार्प भाषेतल्या डिक्शनरीला (की-व्हॅल्यूच्या जोड्यांच्या साठ्याला) दोन दारं मुद्दाम दिलीत राव. ॲड म्हणजे 'ही की नवीच आहे', आणि चौकटी कंसात की टाकून बरोबरचं चिन्ह म्हणजे 'असेल तर बदल, नसेल तर घाल'. तुम्ही पहिल्या दारावर दुसऱ्याची पाटी लावताय.

एका दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं होतं. आधीच्या पोराने डिक्शनरीवरून (तिचा वारस म्हणून) दूधखाते नावाचा क्लास काढलेला, की म्हणजे सभासद नंबर, व्हॅल्यू म्हणजे लिटर, आणि ॲड अगदी बंड्याच्या पद्धतीचं. सकाळी ६ लिटर, संध्याकाळी ४, दिवसाचा हिशोब ४! दहा दिवसांनी बिल निघालं तेव्हा २१४ नंबरचे आजोबा रबर लावलेली पावत्यांची गड्डी घेऊन दारात. ॲड बोंबललं असतं तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं की नाही?

जावाकर: जावात हॅशमॅपचं, म्हणजे तिकडच्या डिक्शनरीचं, पुट वर्षानुवर्षं जुनी व्हॅल्यू उडवतंय, कोणाच्या म्हशीचं दूध आटलं नाही. आणि जुनी व्हॅल्यू परत देतं ते, बघायची तर बघा. नसेल तरच घालायचं असेल तर जावा ८ पासून पुटइफॲबसेंट आहे. तुमच्या गोष्टीत दोष ॲडचा नाहीच, कीचा आहे. सभासद नंबर, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ मिळून की हवी होती.

खटपट्या: की चुकली हे मान्य. पण चुकली हे सांगणार कोण, आजोबाच ना? आणि पुटने परत दिलेली व्हॅल्यू बघणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

बंड्या: माझंच नाव घेऊन धागा, धन्यवाद हां. आता माझंही ऐका. सी शार्प ज्यावर चालतं त्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये ॲड बोंबलायचं ते एवढंच, की याच कीची नोंद आधीच आहे. कुठली की ते सांगायचंच नाही! ग्राहकाच्या एक्सेलमध्ये ८०० ओळी, रात्रीचे दोन, आणि मी एकेक ओळ खोडून बघतोय. नंतरच्या डॉटनेट कोअरमध्ये आता की छापून येते, पण तेव्हा मी कावलो आणि ओव्हरराइट (जुन्यावर नवं लिहिणं) टाकलं. एसीत बसून तत्त्वज्ञान सांगायला काय जातं.

गारुडी: पायथॉनमध्ये डिक्टवरून (तिथली डिक्शनरी) क्लास काढून सेटआयटम (एक नोंद घालणारी मेथड) बदललात तरी अपडेट (अनेक नोंदी एकदम घालणारी मेथड) त्याला विचारतही नाही, सरळ आत घालतं. मी अख्खा दिवस घालवलाय त्यात. वारस क्लास काढण्यासाठीच असलेलं युजरडिक्ट घ्या नाहीतर डिक्शनरी पोटात ठेवून वरून स्वतःच्या मेथड द्या. तुमच्या सी शार्पमध्येही ॲड व्हर्च्युअल (वारस क्लासला खरोखर बदलता येणारं) नाही, त्यामुळे न्यू लिहून झाकलेलं ॲड बेस टाइपच्या (मूळ डिक्शनरीच्या) व्हेरिएबलमधून हाक मारली की चालतच नाही, मूळचंच चालतं. म्हणजे बंड्याचं गुपचूप ॲड कधी गुपचूप आणि कधी बोंबलणार 😂

मात्रावेलांटी: तुम्ही भांडताय ते डुप्लिकेट सापडल्यावरचं. आमच्याकडे सापडतच नाही! आडनाव की होतं, 'गोऱ्हे'. एकाच घराच्या दोन नोंदी, स्क्रीनवर एकसारख्या, ॲडला काही वाटलंच नाही. एका ऑपरेटरच्या कीबोर्डवर ऱ, हलंत आणि ह येत होतं, दुसरीच्या कीबोर्डवर साधा र, हलंत, न दिसणारा जोडक झेडडब्ल्यूजे आणि मग ह.

जावाकर: नॉर्मलाइझ (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांचं एक रूप) करा की, एका ओळीचं काम.

मात्रावेलांटी: केलं असतंत तर बोलला नसतात. नुक्ता (खालचं टिंब) लावलेला र आणि सुटा ऱ एनएफसीने (युनिकोडच्या नॉर्मलाइझ करायच्या एका पद्धतीने) एक होतात, झेडडब्ल्यूजेवाला होत नाही.

जावाकर: मग झेडडब्ल्यूजे काढून टाका!

मात्रावेलांटी: काढा, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्राचा दर्या झालेला बघत बसा. आधी र-हलंत-झेडडब्ल्यूजे शोधून त्याचा ऱ-हलंत करावा लागतो. तो कंपॅरर (दोन की समान आहेत का ते ठरवणारा कोड) मी हाताने लिहिलाय, तीन दिवस लागले. ॲ वेगळाच, तो एकसंध पण येतो आणि अ वर चंद्र देऊन पण, त्यालाही एनएफसी हात लावत नाही.

गारुडी: मुळात आडनाव की करतंच कोण? नंबर द्या ना.

मात्रावेलांटी: ग्राहकाच्या वहीत नंबर नाहीत हो! सगळ्यांची दुनिया तुमच्या ऑफिससारखी नसते. मराठीत डेटा भरणाऱ्या बायकांनाच वर चुकीचं टाइप करता म्हणून बोलणी बसतात, ते वेगळंच.

जावाकर: आवाज कमी करा ताई, विषय ॲडचा चालू होता.

मात्रावेलांटी: ताई म्हणून गप्प करू नका. दोन की समान कधी हे ठरल्याशिवाय तुमचं ॲड बोंबलणार तरी कशावर?

खटपट्या: हे मात्र बरोबर. माझ्या दूधखात्यात नंबर होते म्हणून मी सुटलो. पण बंड्या, तू अजून सांगितलं नाहीस, त्या ८०० ओळींतल्या डुप्लिकेट नोंदींचं पुढे काय झालं?

बंड्या: शेवटची ओळ राहिली. बरोबर कुठली होती ते देवाला माहीत. झालं समाधान? ठीक आहे, माझ्या मेथडचं नाव बदलून 'ठेव' करतो, ॲड तुमचं तुम्हाला लखलाभ. आणि ट्रायॲड पण देतो, खरं-खोटं परत देणारं, नाहीतर जावाकर रडतील.

जावाकर: खरं-खोटं तरी बघणार का कोणी 😏

गारुडी: ते जाऊ द्या. २१४ नंबरच्या आजोबांना पैसे मिळाले का?

खटपट्या: मिळाले, पुढच्या बिलात. आता संध्याकाळच्या पावतीवर सकाळचा आकडापण लिहून घेतात, त्याशिवाय किटली उचलत नाहीत.