युरोपचा जंगलतोडविरोधी नियम आणि भारतीय व्ही-बेल्टची निर्यात

धागाकर्ता :
युरोपीय संघाच्या 2023 च्या जंगलतोडविरोधी नियमात टायरच नव्हे, तर 4010 या सीमाशुल्क-शीर्षकाखालचे कन्व्हेयर व ट्रान्समिशन बेल्टही येतात; यंत्रात एका पुलीची गती दुसरीला देणारे व्ही-बेल्ट त्यांतलेच. बेल्टमधले नैसर्गिक रबर ज्या मळ्यातून आले, तिथे 31 डिसेंबर 2020 नंतर जंगलतोड झालेली नाही, हे अक्षांश-रेखांशांसह दाखवावे लागेल. अंमलबजावणी लांबली म्हणून तयारीही लांबवणे मला घातक वाटते. केरळात रबर छोट्या मळ्यांतून निघते, गावच्या व्यापाऱ्याकडे सगळ्यांच्या रबर-शीटांची एकच थप्पी लागते आणि कोणती शीट कुणाची, हा माग तिथेच तुटतो. तो आत्ताच जुळवला, तर चिनी मालाशी निव्वळ दरावर झुंजण्याची वेळ येणार नाही.

प्रतिसाद 1 :
असहमत. उष्णता आणि तेल सोसणाऱ्या औद्योगिक बेल्टमध्ये प्रामुख्याने क्लोरोप्रीन किंवा ईपीडीएम असते आणि आतला दोर पॉलिएस्टरचा. ही कृत्रिम रबरे नियमात येतच नाहीत. आपली दुखरी नस वेगळी आहे : हीच रबरे आपण बहुतांशी आयात करतो, आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा एकाच बाजारावर विसंबणे किती महागात पडते, हेही दिसले. पैसा मळे मोजण्यात घालण्यापेक्षा कच्च्या मालात आणि नव्या बाजारपेठांत घालावा.

धागाकर्ता :
रबराच्या बाबतीत नियम नैसर्गिक रबरापुरताच आहे, हे खरेच. पण कापडी आवरणाच्या साध्या बेल्टमध्ये नैसर्गिक रबराचे मिश्रण आजही वापरले जाते. शिवाय नवी बाजारपेठ म्हणून युरोपकडेच पाहायचे, तर हे कागद टळणार कसे?

प्रतिसाद 2 :
झिजलेल्या बेल्टच्या जागी घेतल्या जाणाऱ्या बदली मालाच्या व्यवहारात एक गोष्ट निर्णायक ठरते. चार खाचांच्या पुलीवर एक बेल्ट जरी आखूड असला, तरी सगळा ताण त्याच्यावर येतो, म्हणून चारही बेल्ट एकाच कंपनीचे, जुळवलेल्या लांबीचे आणि एकाच वेळी बदलतात. कागदाअभावी एक खेप अडली आणि ग्राहकाने दुसऱ्या कंपनीचा संच चढवला, की तो सहसा परत येत नाही. त्यामुळे धागाकर्त्यांचा आग्रह मला पटतो.

प्रतिसाद 1 :
मग खर्चाचेही बोला. केंद्र सरकारच्या रबर बोर्डाने मळ्यांच्या नकाशांचे काम हाती घेतले आहे, ते योग्यच. मात्र प्रमाणित रबराला युरोपचा खरेदीदार जास्त दर देणार नसेल, तर या कामाचा भार अर्धा-एक एकरवाल्या उत्पादकाच्या माथी मारण्यास माझा विरोध कायम राहील.