फेसिंगला मराठीत काय म्हणाल? मगजी, गोट की अस्तर?

असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) टेबलावर मांडायची म्हणून आम्ही चौघं २८ मिमी उंचीचे खेळातले शिपाई रंगवतोय. शिंद्यांचे कंपू दोघांकडे, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पलटणी आम्हा दोघांकडे. रंगांचं टिपण मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडलो. गोऱ्या पलटणींच्या लाल डगल्याची कॉलर आणि बाह्यांची मोहरी वेगळ्या रंगाची असते. तिला इंग्रजीत फेसिंग म्हणतात आणि पलटण ओळखायची ती त्यावरूनच. ७४वीची पांढरी, ७८वीची बदामी. मी लिहिलं, 'मगजी पांढरी'. जोडीदाराने कॉलर लालच ठेवून कडेने केसाएवढी पांढरी रेघ ओढली. तेवीस शिपायांना! मग सुधारून 'अस्तर पांढरं' असं लिहिलं, तर गड्याने पुढचा अख्खा घाणा पांढऱ्या प्रायमरने मारून ठेवला. त्याला तरी काय बोलणार, रंगारी पहिल्या हाताला अस्तरच म्हणतात. शब्द सुचवा.

* * *

दादा, जोडीदाराचं काही चुकलेलं नाही. मगजी म्हणजे शिवणीत धरलेली वेगळ्या कापडाची बारीक दुमड, हल्लीचे टेलर जिला पायपिन म्हणतात. त्याने अगदी तीच रंगवली. गोट तिच्याहून रुंद, पण तोही कडेलाच. तुमची फेसिंग कडेला नाही, सबंध कॉलर आणि सबंध मोहरी त्या रंगाची. म्हणून दोन्ही शब्द बाद.

अस्तराला मात्र मी इतक्यात बाद करणार नाही. जुन्या डगल्याला आतून वेगळ्या रंगाचं अस्तर असायचं. बाही दुमडली, छातीची बाजू उलटवली की ते बाहेर दिसायचं. फेसिंगचा उगम तोच. पुढे दुमडणं गेलं आणि रंग तेवढा मागे राहिला. शिवणकामाच्या अंगाने तुमचा दुसरा शब्द मुळाशी जाणारा होता, रंगाऱ्याने घोळ केला.

* * *

ताईंशी सहमत. माझी तक्रार या डगल्यांच्या वर्णनात येणाऱ्या आणखी एका इंग्रजी शब्दाबद्दल आहे, 'लेस'. मराठीत लेस म्हटलं की डोळ्यांपुढे परकराची झालर येते. या डगल्यांवर बटणाच्या घराभोवती शिवायचे ती लोकरीची सपाट पट्टी. तिला सरळ 'फीत' म्हणा. आणि फितीची मांडणी बघून घ्या, कारण ब्रिटिश राजाच्या गार्ड पलटणी तिच्यावरूनच ओळखू येतात. पहिल्या गार्डची बटणं एकेक सारख्या अंतरावर, कोल्डस्ट्रीमची दोन-दोन, तिसऱ्या गार्डची तीन-तीन. असईला त्या नव्हत्या, पण तुम्ही वॉटर्लूला गेलात की लागतील. (जालना जिल्ह्यातून निघालेला छंद वॉटर्लूला पोचतोच, अनुभव आहे.)

आता लाल. टिपणात सगळ्यांनाच 'लाल' लिहू नका. साध्या शिपायाचा डगला मॅडरच्या मुळात रंगवलेला, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीत. तो विटकरीकडे झुकतो. अधिकाऱ्याचा कोचिनील किड्यांच्या रंगातला, भडक. कमरेचा रेशमी शेला त्याहून गडद, किरमिजी. हा शब्द इथे चपखल बसतो. फारसी किर्म आणि संस्कृत कृमी ही भावंडं, आणि किरमिजी व इंग्रजी क्रिमझन एकाच किड्याच्या नावावरून आले. भाषांतर करावंच लागत नाही.

* * *

बदामीबद्दल एक. मूळ शब्द बफ, म्हणजे कमावलेल्या जाड कातड्याचा रंग. नावात बफेलो आहे. म्हैस काळी, तिचं कातडं बदामी, म्हणून गोंधळू नका. ७८वीच्या छातीवरचे आडवे पट्टे पांढरे रंगवले असतील तर तपासा. बदामी फेसिंगच्या पलटणींना पट्टेही बदामीच असत. बाकीच्यांचे पट्टे पांढऱ्या मातीने पांढरे ठेवत. एनसीसी केलेल्यांना ब्लँको आठवेल.

* * *

सगळ्यांचे आभार. टिपणात आता 'कॉलर-मोहरी: पांढरी' असं लिहिलंय. शब्द म्हणून त्यात काही चमक नाही, पण चुकायला जागाही नाही. 'अस्तर' फक्त डगल्याच्या मागे उलटून टाचलेल्या टोकांसाठी ठेवलं, आणि रंगाचा पहिला हात तो 'प्रायमर'. ताईंना रुचणार नाही, पण माझ्या जोडीदाराच्या हातात ब्रश आहे.

त्या तेवीस जणांच्या कॉलरी काल दुरुस्त केल्या. लालवर पांढरा थेट बसत नाही, खालून गुलाबी डोकावतो. आधी राखाडी, मग पातळ पांढऱ्याचे दोन हात. कॉलर आणि डगल्याच्या मधे मात्र गडद तपकिरी रेघ सोडली. आता ती रेघ, ताई, मगजी म्हणायची का?

* * *

नाही. ती सावली.